दिवेलागणीला काढलेलं कार्ड

रिकाम्या चरवीच्या तळावर दुधाची पहिली धार पडते तेव्हा होणाऱ्या आवाजाला मराठीत नाव नाही. पातळ, टणक, किंचित उद्धट असा तो नाद पहाटेच्या गारव्यात गोठ्यातून निघतो आणि पांघरुणात गुरफटलेल्या माणसाच्या कानात निःसंकोच शिरतो. मग दुसरी धार येते, तिसरी येते. तळ झाकला जातो, पितळेचा खणखणीतपणा हळूहळू फेसात बुडत जातो, आणि चरवी निम्मी भरेपर्यंत त्या नादाचं एक समाधानी, जाडसर पुटपुटणं होऊन जातं. उभा जन्म मी मराठी शिकवण्यात घालवला, मुलांना शब्दसंपत्तीचे धडे दिले; पण लहानपणी रोज कानावर पडलेल्या या पहिल्या धारेसाठी मला एक शब्द द्यावा, असं काही माझ्या भाषेला वाटलं नाही! आणि गंमत पाहा, तो आवाज बंद पडला तेव्हाच मला त्याची आठवण झाली.

मी थकलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुठे सूर चिडका लागला तर तुम्ही समजून घ्याल. निवृत्तीला टेकलेला मास्तर, राहायला काटेवाडीत, नोकरी बारामतीत. आणि वर, कुठल्या मुहूर्तावर कोण जाणे, नात्यागोत्यात ‘संगणकातलं कळणारा’ म्हणून पसरलेली ख्याती. शाळेने मोडीत काढलेला एक लॅपटॉप मी घरी आणला, त्यात लिनक्स नावाची, कुणा एकाच्या मालकीची नसलेली, जगभरच्या हौशी माणसांनी मिळून वाढवलेली आणि म्हणून फुकट मिळणारी प्रणाली बसवली, आणि ते म्हातारं यंत्र पुन्हा चालू लागलं, एवढाच माझा पराक्रम. पण तेव्हापासून ज्याचा फोन पाण्यात पडतो, जिच्या लग्नाचे फोटो दिसेनासे होतात, ती सगळी माणसं माझं दार वाजवतात. नाही म्हणण्याची कला मला आयुष्यात साधली नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती गाय मीच. आणि या शहाणपणाच्या ओझ्याने तिचे उरलेले पायही आता दुखू लागले आहेत.

माझी थोरली बहीण, आक्का, शेळगावात दिलेली. तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी; गावाचे ते तात्या. त्यांच्या गोठ्यात संकरित गाई आहेत, त्यांची धार यंत्राने निघते. भाचा लोणी देवकरला कारखान्यात पाळीवर जातो, त्याला वेळ पुरत नाही, म्हणून त्याने ते यंत्र आणलं, आणि गाईंनी ते मुकाट्याने स्वीकारलं. स्वीकारलं नाही ते एकट्या मैनेने. मैना म्हणजे म्हैस; काळीभोर, एक शिंग गालावर वळलेली, आणि मानपानाच्या बाबतीत मोठ्या घरच्या विहिणीइतकी जागरूक. तिचं रेडकू जन्मून थोड्याच दिवसांत गेलं, आणि तेव्हापासून ती पान्हा सोडायची तो केवळ दाजींच्या बोलण्यावर. धारेला बसले की दाजींच्या तोंडून एक अखंड लाडिक प्रवाह सुरू व्हायचा: ‘‘आली का गं मैनाबाई? आज काय बिनासलं? कुनी बोललं व्हय तुला? सोड, सोड माझी आई, ऊन वर आलं बघ.’’ ते धड गाणं नव्हतं, धड बोलणं नव्हतं. त्या प्रवाहात भिजत भिजत मैनेची कास सैल पडायची आणि मग चरवीत तो बिननावाचा आवाज व्हायचा. चुलीपाशी बसलेली आक्का पाव्हण्यारावळ्यांना ऐकवायची, ‘‘माझ्यासंगं जन्मात येवढं गोड बोलला न्हाय ह्यो मानूस.’’

गेल्या पावसाळ्यानंतर दाजींचा घसा बसला तो उठलाच नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. मी शेजारीच उभा होतो. अशा क्षणी माणसं देवाचं नाव घेतात, मुलाबाळांची नावं घेतात. दाजींनी त्या चिरफाळलेल्या घशातून विचारलं, ‘‘मग मैनेचं कसं?’’ डॉक्टर गोंधळले. आक्काने मैना म्हणजे कोण ते त्यांना सांगितलं आणि वर टोमणाही मारला, ‘‘बघा डाक्टर, बायकूचं कसं, हे न्हाय इचारलं. म्हशीचं इचारलं!’’ ती हसली, आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला.

दवाखान्यात दाखल व्हायच्या दिवशी पहाटे मी शाळेतला, मुलांच्या तोंडी परीक्षेसाठी घेतलेला रेकॉर्डर घेऊन शेळगावला पोहोचलो आणि तो गोठ्याच्या खांबाला खिळ्यावर अडकवला. दाजी धारेला बसले. आवाज फाटलेला, मधूनच विझणारा. तरी मैनेने तो मान्य केला. धार संपली न संपली तोच जीप दारात येऊन उभी राहिली, कपड्यांची पिशवी, कागदांची पिशवी, देवापुढचा अंगारा अशा घाईत तो रेकॉर्डर तसाच खिळ्यावर चालू राहिला. निघता निघता आक्काने तो बंद केला आणि फडताळात ठेवला. त्यातल्या बोटाच्या नखाएवढ्या काळ्या कार्डात एका माणसाचा आवाज बंद झाला होता. केवढी ही किमया, आणि केवढा हा भित्रा साठा! वाऱ्याने उडेल, मुंगी ओढून नेईल, असल्या वस्तूत आपण हल्ली आपली सर्वांत जड गोष्ट ठेवतो.

शस्त्रक्रिया नीट झाली. दाजी घरी आले, अंगात बळ भरू लागलं. गळ्याच्या पायथ्याशी श्वासासाठी एक छिद्र, त्यावर सैल बांधलेलं पातळ उपरणं. ते पुन्हा धारेला बसू लागले. हात तेच होते, पाट तोच होता, वेळही तीच. पण मैना वळून पाही, दीर्घ हुंगून घेई आणि अंग चोरून उभी राही. दाजींचे ओठ हलत, सारे ठरलेले शब्द ते ओठांनी म्हणत, आणि कास दगडासारखी ताठ ती ताठच. मोठ्या मिनतवारीने तळ झाकेल एवढं दूध निघे. ओळख म्हणजे नेमकं काय असतं हो? चेहरा, की स्पर्श, की वास? ज्या हातांनी तिला पोसलं, ते हात समोर असताना त्या मुक्या जनावराला हा माणूस परका वाटावा, केवळ तोही आता तिच्यासारखाच मुका झाला म्हणून?

भाच्याचं म्हणणं रोखठोक होतं: म्हैस आटत चालली आहे, दुधात आहे तोवरच बाजार दाखवावा. त्यात चूक काहीच नव्हती, आणि म्हणूनच ते ऐकणं जास्त जड होतं. दाजींची जेवणावरची वासना उडाली. मग आक्काचा फोन आला. ‘‘बापू,’’ ती म्हणाली, ‘‘म्हस गेली तर ह्यो मानूस बी खचंल बघ. जीव वाचिवला डाक्टरनं, पर त्यो त्या गोठ्यात हाय सगळा. त्येवढा आवाज स्पीकरात भरून दे बाबा.’’ गोठ्यात भजनं लावायला तिच्याकडे एक लहानसा स्पीकर आहे, त्यातही असंच नखाएवढं काळं कार्ड. एका कार्डातला आवाज काढून दुसऱ्यात भरायचा, इतकं साधं काम. दोन्ही कार्डं काढून ठेव, असं मी तिला सांगितलं.

एका रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन गेलो. कार्ड वाचायला लागणारं उपकरण, म्हणजे कार्ड रीडर, हे माझ्याकडे अगदी स्वस्तातलं. आठवडी बाजारात टॉर्च आणि कंगवे विकणाऱ्याकडून घेतलेलं. त्यात रेकॉर्डरचं कार्ड सरकवलं, पडद्यावर आवाजाच्या फाइलींची नावं उमटली, आणि एवढ्यात दाजी दारात येऊन उभे राहिले. धारेची वेळ झाली होती. मैना आपल्याशी कशी वागते ते मी डोळ्यांनी पाहावं, असं त्यांच्या मनात असावं. मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून उठलो. गोठ्यात जे पाहिलं ते पुन्हा सांगत नाही. माणसाचे ओठ हलताहेत आणि सारं शांत आहे, हे दृश्य मी विसरायचा प्रयत्न करतो आहे. परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आक्का देवापुढची वात सारखी करत होती, आणि विरजण मागायला आलेल्या शेजारणीला सांगत होती, ‘‘आता न्हाय गं बाई. दिवा लागला. सकाळी ने.’’ तिन्हीसांजेला दूध, दही, विरजण घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, लक्ष्मी जाते. हा आमच्या आईचा नियम, आक्काने माहेरच्या इतर वस्तूंबरोबर सासरी आणलेला.

मी पुन्हा लॅपटॉपसमोर बसलो. पडद्यावर नावं जशीच्या तशी होती. पहिल्या फाइलीचं किचकट नाव पुसून मी तिथे ‘मैना’ असं लिहिलं. यंत्राने ते विनातक्रार स्वीकारलं. मग कानात इअरफोन खोचून ती फाइल वाजवली. आणि आतून दाजींचा आवाज येण्याऐवजी टाळ वाजले! भजनाचा मधलाच एक तुकडा, ना आगा ना पिछा, कुणी दार उघडावं आणि आत कीर्तन रंगात आलेलं असावं तसा. दुसरी फाइल लावली, तिथे मृदंग. दिवा लागलेल्या त्या घरात, देवाकडे पाठ करून, मी घामाने भिजलो. आक्काने विचारलं, ‘‘आला का रं आवाज?’’ मी म्हणालो, थोडं काम आहे, घरी नेऊन नीट भरून आणतो. तिने माझा जेवणाचा डबा शेंगांनी गच्च भरून हातात दिला. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हा दुसरा नियम. तो डबा परतीच्या वाटेवर मला फार जड लागला.

घरी येऊन लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, तर आणखीच अनर्थ. आता रेकॉर्डरच्या फाइली मुळी नव्हत्याच. यादीत भजनंच भजनं, आणि तीही मोडकी, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लागलेलं. म्हणजे दाजींच्या आवाजावर भजनं येऊन बसली? येतील कुठून? स्पीकरचं कार्ड तर मी हातातही घेतलं नव्हतं. पुढचे कित्येक दिवस शाळेला जाण्याआधीचा सकाळचा वेळ मी त्या कार्डापुढे बसून काढला. लिनक्समध्ये पुसलेलं शोधून काढणारी आयुधं असतात. ती कार्डाचा कण न् कण खरवडतात आणि सापडलेले तुकडे तुमच्यापुढे ओततात. मी प्रत्येक तुकडा ऐकला. टाळ, मृदंग, टाळ, बुवांचा खाकरा. खाकरा ऐकून प्रत्येक वेळी काळीज लक्क झालं, हे दाजी तर नसतील? आणि संध्याकाळी फोन: ‘‘बापू, झालं का रं भरून? बाजारचा मानूस बघून गेला म्हशीला.’’ मी म्हणायचो, चाललंय. आक्का म्हणायची, ‘‘दमू नगंस. सवडीनं कर.’’ ती ज्या आवाजात हे म्हणायची त्यात तिचा स्वतःचा थकवा इतका स्पष्ट असे, की फोन ठेवल्यावर मला उठून उभं राहायलाही नको वाटायचं. आवाज गेला, कायमचा गेला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

इंटरनेटवर अशा दुखण्यांची चर्चा करणाऱ्या जागा असतात. दूरदूरच्या देशांतले अनोळखी लोक तिथे येऊन आपापली गाऱ्हाणी मांडतात, आणि दुसरे तितकेच अनोळखी लोक, पदरचा वेळ घालवून, त्यांना उत्तरं देतात. तिथे वाचता वाचता एक तक्रार पुन्हा पुन्हा भेटली: कार्ड बदललं तरी यंत्र जुन्याच कार्डाची यादी दाखवतं. त्याचं कारण मोठं मजेशीर आहे. कार्ड खाचेत सरकवलं की यंत्र त्याची यादी एकदा वाचून स्मरणात ठेवतं. कार्ड काढायचं असेल तर आधी यंत्राला सांगायचं; मग ते हातातलं अपुरं लेखन पुरं करतं आणि त्या कार्डाचा रीतसर निरोप घेतं. न सांगता काढलं, तर निदान रीडरने तरी चुगली करायला हवी की पाव्हणा उठून गेला. पण स्वस्तातला रीडर गप्प बसतो. मग खाचेत दुसरंच कार्ड आलं तरी यंत्र जुन्या यादीवर विसंबून राहतं, जुन्या पत्त्यांवर जाऊन नव्या कार्डातलं भलतंच काही उचलून आणतं, आणि तुम्ही काही लिहायला सांगितलंत तर त्या जुन्या यादीचे तुकडे नव्या कार्डात भलत्याच जागी लिहून मोकळं होतं.

वाचून मला यंत्राचा राग येण्याऐवजी त्याची कणव आली. आपण तरी वेगळं काय करतो? सणसरच्या पुढे रस्ता रुंद करताना वडाची जुनी झाडं गेली, त्याला आता बरेच दिवस झाले. तरी तो पट्टा आला की उन्हातून सावलीत शिरल्यागत माझे खांदे आपोआप सैल पडतात, आणि वरून ऊन तसंच भाजत असतं. माझी मुलगी कधीच संसाराला लागली, तरी बाजारात गेलो की तिला आवडायची ती पेरूची फोड मीठ लावून मागतो आणि मग हातात धरून उभा राहतो. बदल झाला हे आपल्याला कुणी सांगावं लागतं, आणि सांगणारा स्वस्तातला निघतो! मैनेची तऱ्हा मात्र अगदी उलटी. यंत्र बदललेल्याला जुनाच समजत होतं, आणि ती त्याच जुन्या माणसाला बदललेला समजत होती. या दोघांच्या मधे मी, नोकरी करून, पाठीला मलम चोळून, टाळ ऐकत बसलो होतो.

पण एक प्रश्न उरतच होता. कार्ड बदललं तर यंत्र असं वागतं, हे कळलं. पण कार्ड मी बदललंच नव्हतं. त्या विचाराशी मी अडखळलो आणि कंटाळून, दुसरं काही सुचेना म्हणून, खाचेतल्या कार्डाचं आकारमान, म्हणजे त्यात एकूण किती मावतं ते, पाहिलं. ते रेकॉर्डरच्या कार्डाच्या चौथाईएवढंही नव्हतं. आधी वाटलं, हाही बिघाडाचाच भाग. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. कार्डातलं पुसलं जाऊ शकतं, बिघडू शकतं, एकावर दुसरं लिहिलं जाऊ शकतं. पण कार्ड लहान कसं होईल? दूध सांडेल, नासेल, मांजर पिऊन जाईल. चरवी लहान होत नाही! माझ्या हातात इतके दिवस होतं ते भांडंच दुसरं होतं.

मी तिथल्या तिथे शेळगावला फोन लावला. आक्का, त्या दिवशी तू कार्ड काढलं होतंस का? ‘‘काढलं की,’’ आक्का म्हणाली, इतकं सहज, की माझं सगळं खरवडणं एका शब्दात व्यर्थ ठरलं. ‘‘दिवेलागन झाली हुती बापू. तात्यांचा आवाज म्हंजी गोठ्यातलाच जिन्नस न्हवं का? दिवा लागल्यावर दुसऱ्याच्या डब्यात कसा ठिवायचा? तुझ्या पडद्यावर समदी नावं आली हुती. म्हटलं, घेतलं यानं काढून. आन् रिकामी खाच बरी दिसंना, म्हून स्पीकरचं कारड सरकवलं तितं, तू भरून देशील म्हून.’’ आणि ते, दाजींचं? ‘‘हाय की देव्हाऱ्यात, करंड्यात. रोज हळद वाहते.’’ मग तिच्या आवाजात प्रथमच शंका आली. ‘‘का रं? चुकलं का माझं?’’

काय सांगू तुम्हांला! मला हसूही येत होतं आणि रडूही. तिचं काय चुकलं होतं? लक्ष्मी घराबाहेर जाऊ दिली नाही, आणि भांडं रिकामं ठेवलं नाही. आमच्या आईच्या दोन्ही नियमांना ती त्या एका क्षणात जागली होती. तिने दोन्ही वेळा यंत्राला विचारलं नाही इतकंच, आणि यंत्राला विचारायचं असतं हे आमच्या आईने तिला सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या त्या नियमानेच आवाज वाचला. ते कार्ड खाचेत राहिलं असतं तर माझ्या आंधळ्या उत्साहात मी त्याच्यावर काय काय लिहून ठेवलं असतं, देव जाणे. नाही गं, काही चुकलं नाही, मी म्हणालो; उद्या येतो, दिवसाउजेडी येतो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर निघालो. ऊसतोडीचे दिवस, लासुर्णे, अंथुर्णे मागे पडेपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून रांगत गेलो, गाडीच्या उघड्या काचेतून मळीचा वास. करंड्यातून कार्ड काढलं, त्याच्या कडांना हळद लागली होती. ती धोतराच्या चिंधीने हलकेच पुसली. या खेपेला रीडर शेजारच्या सरांकडून चांगला आणला होता. आधी सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं, मग एका कोऱ्या कार्डात भरलं, आणि दोन्ही वेळा यंत्राला रीतसर सांगून, त्याने ‘आता काढा’ म्हटल्यावरच कार्ड काढलं. आक्का शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, ‘‘येवढी आज्ञा घ्यावी लागती व्हय याची? सासूची बी घेतली न्हवती.’’

धारेची वेळ झाली. स्पीकर खांबाच्या त्याच खिळ्यावर टांगला. दाजी पाटावर बसले, चरवी गुडघ्यांत धरली, आणि मी कळ दाबली. ‘‘आली का गं मैनाबाई?’’ फाटका, ओळखीचा आवाज गोठ्यात पसरला. दाजींची पाठ ताठ झाली. स्वतःचा गेलेला आवाज ऐकताना माणसाला काय होतं ते मला कळणार नाही. मला फक्त पाठ दिसत होती. मैनेचे कान उभे राहिले. तिने मान वळवली, पण दाजींकडे नव्हे, खांबाकडे. दाव्याला ओढ देऊन ती खांबाच्या दिशेने सरकू लागली, हुंगू लागली, तिथे कुणी नाही म्हणून बुजली. कास तशीच दगड. ‘‘सोड, सोड माझी आई,’’ स्पीकर विनवत होता, आणि चरवी रिकामी होती. दारात उभ्या आक्काने खाली बसकण मारली. मीही थकून गव्हाणीला टेकलो. इतकं सगळं करून, शेवटी हे?

तेव्हा दाजी उठले. त्यांनी स्पीकर खिळ्यावरून काढला, गळ्याभोवतीचं उपरणं सैल केलं, श्वासाची जागा मोकळी ठेवून तो स्पीकर हनुवटीखाली, छातीच्या वरच्या भागाला लावला आणि उपरण्यात घट्ट बांधला. मला खूण केली, पहिल्यापासून. पुन्हा पाटावर बसले. मी कळ दाबली. आता आवाज जिथून यायला हवा तिथून येत होता. ‘‘आली का गं मैनाबाई? आज काय बिनासलं?’’ दाजींचे ओठ त्या शब्दांबरोबर हलू लागले. कधी शब्दाच्या आधी, कधी मागाहून, मग हळूहळू बरोबर. मैनेने मान वळवून त्यांना एकदा नखशिखांत हुंगलं. एक दीर्घ सुस्कारा सोडला. आणि माझ्या थकलेल्या कानांनी, कित्येक आठवड्यांनी, चरवीच्या तळावर पडलेली ती पहिली, टणक, उद्धट धार ऐकली.

धारेवर धार पडत राहिली, तळ झाकला, फेस चढला. ध्वनिमुद्रण मी पुरतं ऐकलंच नव्हतं. मला वाटत होतं, धार संपली की ते संपेल. पण त्या पहाटेच्या घाईत रेकॉर्डर चालूच राहिला होता. मैनेला ‘‘झालं गं, झालं’’ म्हणून झाल्यावर पाट सरकवल्याचा आवाज आला, चरवी उचलल्याचा आला, आणि मग उपरण्यातून दाजींचा आवाज जरा मोठ्याने, घराकडे तोंड करून म्हणाला, ‘‘च्या टाक गं.’’

‘‘टाकते, टाकते,’’ आक्का म्हणाली. गुडघ्यांवर हात टेकून उठली, पदर खोचला आणि आत गेली. मी कळ बंद करायला पुढे केलेला हात तसाच राहिला. दाजी चरवी गुडघ्यांत धरून, हलायचं विसरून, दाराकडे पाहत होते. आतून रिकाम्या पातेल्याच्या तळावर पाणी पडल्याचा आवाज आला. त्याही आवाजाला मराठीत नाव नाही.